क्रिमियाचं युद्ध (१८५३-५६) : कोणाचं काय बदललं?

कृष्णाकाठ

गेले काही महिने या युद्धाबद्दल मिळेल ते वाचतोय. इथे शोधलं तर त्यावर स्वतंत्र धागा दिसला नाही, म्हणून काढतोय. शाळेत या युद्धातून आपल्या वाट्याला फक्त हातात दिवा घेतलेली नाइटिंगेल आली, बाकी सगळं राहूनच गेलं.

आधी घटनाक्रम. जेरुसलेम-बेथलेहेमच्या पवित्र जागांवर हक्क कॅथलिक साधूंचा की ऑर्थोडॉक्स साधूंचा, हा वाद जुनाच. १८४७ साली बेथलेहेमच्या चर्चमधला चांदीचा तारा गायब झाला आणि तो पुन्हा पेटला. फ्रान्सचा तिसरा नेपोलियन कॅथलिकांच्या पाठीशी, रशियाचा झार पहिला निकोलस ऑर्थोडॉक्सांच्या, आणि जागा ऑटोमन (तुर्की) सुलतानाच्या राज्यात. निकोलसला खरं तर सुलतानाच्या राज्यातल्या सगळ्या ऑर्थोडॉक्स प्रजेचं पालकत्व हवं होतं. जुलै १८५३ मध्ये रशियन फौज सुलतानाच्या सत्तेखालच्या मोल्डाविया-वालाकियात (आजच्या रोमानियात) शिरली, ऑक्टोबरात सुलतानाने युद्ध पुकारलं, ३० नोव्हेंबरला सिनोपच्या बंदरात रशियाने तुर्की ताफा जाळला. मार्च १८५४ संपता संपता इंग्लंड आणि फ्रान्स सुलतानाच्या बाजूने उतरले. सप्टेंबरात त्यांची फौज क्रिमियाच्या किनाऱ्यावर उतरली, पण तिथलं रशियन आरमाराचं ठाणं सेव्हस्तोपोल हाती यायला पुढचा सप्टेंबर उजाडला. ३० मार्च १८५६ ला पॅरिसचा तह.

तहाचं मुख्य कलम काय, तर काळ्या समुद्रात रशियाने लढाऊ आरमार ठेवायचं नाही. तेही रशियाने १८७० मध्ये झुगारून दिलं. एवढ्यासाठी इंग्रजांचे सुमारे २१ हजार, फ्रेंचांचे ९० हजारांच्या वर आणि रशियाचे काही लाख लोक गेले. त्यातले बहुतेक कॉलरा, आमांश, टायफस आणि स्कर्व्हीने.

आता मला जे मांडायचंय ते. शिपायाचे हाल घरी बसलेल्या वाचकाला ते चालू असतानाच कळले आणि कळल्यामुळे सरकार पडलं, असं युरोपात पहिल्यांदा या युद्धात झालं. 'टाइम्स'चा बातमीदार विल्यम रसेल छावणीत राहून पत्रं पाठवत होता. १८५४-५५ च्या हिवाळ्यात शिपायाला शिध्यात कॉफी मिळायची ती न भाजलेली, हिरव्या बियांची. भाजायला भांडं नाही, दळायला काही नाही, जळणासाठी आसपासची झुडपं तोडून संपलेली. मग जमिनीतून मुळं खणून काढायची, ओल्या मुळांचा धूर सोसायचा आणि अर्ध्या कच्च्या बिया तोफेच्या गोळ्याने ठेचायच्या. रात्रभर खंदकात पाण्यात उभं राहून आलेला माणूस हे करत होता. आणि खाली बालाक्लाव्याच्या बंदरात डिसेंबरात लिंबाच्या रसाचा मोठा साठा येऊन पडला होता. वर छावणीत स्कर्व्हीने (त्यावर हा रसच औषध) हिरड्या सुजून दात हलत होते, तरी फेब्रुवारीपर्यंत तो रस वाटला गेला नाही, कारण तो रोजच्या शिध्याच्या यादीत नव्हता. गरम कपडे घेऊन आलेलं 'प्रिन्स' जहाज १४ नोव्हेंबरच्या वादळात बुडालं होतंच.

२९ जानेवारी १८५५ ला पार्लमेंटमध्ये युद्धाच्या कारभाराची चौकशी करण्याचा ठराव ३०५ विरुद्ध १४८ मतांनी मंजूर झाला आणि पंतप्रधान अ‍ॅबरडीनचं सरकार कोसळलं. काही आठवड्यांत बंदर ते छावणी रेल्वेचे रूळ पडले. माणसं बांधकाम कंपनीची, पैसा सरकारचा. हे सगळं आधी का झालं नाही, तर आधी कोणी विचारत नव्हतं म्हणून.

इतर देशांत काय झालं त्यावर जाणकारांनी लिहावं.

---

रानपाखरू

वाचतेय. सविस्तर येऊ द्या. त्या वादळानंतरच फ्रान्सने हवामानाच्या निरीक्षणांचं तारेने जोडलेलं जाळं उभं केलं ना? खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिएकडे ते काम दिलं होतं असं वाचल्याचं आठवतं.

---

कृष्णाकाठ

हो, तेच ते. वादळ युरोप ओलांडून आलं होतं. वाटेतल्या शहरांची निरीक्षणं तारेने पुढे गेली असती तर काळ्या समुद्रातल्या जहाजांना आधी कळलं असतं, हे त्याने दाखवून दिलं.

---

सुईदोरा

मी सरकारी रुग्णालयात परिचारिका होते, आता निवृत्त आहे. दर १२ मे ला, नाइटिंगेलच्या जन्मदिवशी, आम्ही दिवे लावून शपथ घ्यायचो, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा. पण दिव्याच्या गोष्टीत मुख्य गोष्ट झाकली जाते, ती सांगते.

नाइटिंगेल ३८ बायका घेऊन नोव्हेंबर १८५४ च्या सुरुवातीला स्कुटारीला पोचली. इस्तंबूलच्या समोरच्या काठावरची प्रचंड तुर्की बराक, तिचं इस्पितळ केलेलं. तिने चादरी, भांडी, साबण, स्वयंपाकघर सगळं उभं केलं. आणि तरीही मृत्यू वाढतच गेले. फेब्रुवारी १८५५ मध्ये तिथे दाखल झालेल्यांपैकी शेकडा ४२ जण मरत होते. सेवा होती, माया होती, रात्रीची फेरी होती, आणि माणसं मरत होती.

मार्चमध्ये इंग्लंडहून स्वच्छता आयोगाची माणसं आली. त्यांनी इमारतीखालची तुंबलेली गटारं उपसली, पाण्याच्या वाटेतली घाण काढली, भिंतींना चुना लावला, हवा खेळायला वाट केली. जूनपर्यंत तेच प्रमाण शेकडा २ च्या आसपास आलं. इमारत तीच आणि परिचारिकाही त्याच.

नाइटिंगेलचं मोठेपण मला यानंतर दिसतं. युद्धानंतर तिने विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाबरोबर बसून आकडे तपासले आणि १८५८ मध्ये ती प्रसिद्ध पाकळ्यांची आकृती छापली. किती जण जखमांनी गेले आणि किती टाळता येण्याजोग्या रोगांनी, हे मंत्र्याला एका नजरेत कळावं म्हणून. त्यात तिच्या स्वतःच्या इस्पितळाचे आकडेही आले, तिने ते झाकले नाहीत. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात तिच्या नावाची शाळा निघाली आणि परिचारिका हा शिकून करायचा, पगाराचा, मानाचा व्यवसाय झाला. माझ्या आईच्या पिढीत आपल्याकडे घरचे लोक 'नर्स होऊ नकोस' म्हणायचे. तो शिक्का पुसायची सुरुवात तिथून आहे.

मी ज्या वॉर्डात होते तिथे मोरी तुंबली की आठवड्याभरात टाक्यांमध्ये पू व्हायचा. मी अर्ज लिहायचे आणि वरून उत्तर यायचं, 'स्टाफने स्वच्छतेकडे लक्ष द्यावं.' स्कुटारीचा अहवाल वाचताना मला तेच उत्तर आठवलं आणि रागही तसाच आला.

आणि दोन नावं राहू नयेत. मेरी सीकोल, जमैकाची. तिला अधिकृत पथकात घेतलं नाही, तेव्हा स्वतःच्या हिमतीवर क्रिमियात गेली आणि बालाक्लाव्याजवळ खानावळवजा घर चालवून शिपायांना औषधपाणी केलं. दुसरं नाव रशियन बाजूचं, निकोलाय पिरोगोव्ह. वेढ्यात असलेल्या सेव्हस्तोपोलमध्ये या शल्यविशारदाने जखमी दारातच वेगळे करायची पद्धत लावली. कोणाला आत्ता टेबलावर घ्यायचं, कोण थांबू शकतो, कोणाला फक्त धीर द्यायचा. मोडलेल्या हातापायांना प्लास्टर घातलं, त्यामुळे कित्येकांचे अवयव कापायचे वाचले. ग्रँड डचेस येलेना पाव्हलोव्हनाने पाठवलेल्या सेवाभगिनी त्याच्या हाताखाली काम करत होत्या.

---

उलटतपासणी

लेख चांगला आहे, सुईदोराताईंचा प्रतिसाद तर जपून ठेवण्यासारखा. पण मूळ मुद्द्याला माझी हरकत आहे.

वर्तमानपत्रांनी शिपाई वाचवला म्हणता, तर त्याच वर्तमानपत्रांनी त्याला तिथे पाठवलंही. सिनोपची लढाई दोन शत्रुपक्षांच्या आरमारात झाली, युद्ध आधीच पुकारलेलं होतं. लंडनच्या वर्तमानपत्रांनी तिला 'कत्तल' म्हणून रंगवलं. अ‍ॅबरडीनला हे युद्ध मनापासून नको होतं. लोकमताच्या रेट्याने त्याला त्यात ढकललं आणि वर्षभरात त्याच लोकमताने त्याला कारभार जमला नाही म्हणून घरी बसवलं.

बालाक्लाव्याच्या लढाईत इंग्रजांच्या हलक्या घोडदळाने केलेल्या हल्ल्याचंही तेच. २५ ऑक्टोबर १८५४, संदिग्ध हुकूम, सुमारे ६७० स्वार समोरच्या तोफांवर चालून गेले आणि शंभरावर तिथेच पडले. चूक सेनापतींची. पण दीड-दोन महिन्यांत इंग्लंडमध्ये त्यावर पराक्रमाची कविता आली आणि मुलं ती पाठ करू लागली. छायाचित्रकार रॉजर फेंटनने १८५५ मध्ये तिथे साडेतीनशेच्या वर छायाचित्रं काढली. त्यात तंबू आहेत, अधिकारी आहेत, गोळे विखुरलेली दरी आहे, पण एकही प्रेत नाही. वाचकाला जे कळलं ते निवडून कळलं.

---

कृष्णाकाठ

उलटतपासणी, सिनोपबद्दल तुमच्याशी सहमत. युद्धज्वर वर्तमानपत्रांनीच चढवला. पण मुद्दा इथे थांबत नाही. पूर्वीच्या युद्धांतही शिपाई असाच सडत होता, आणि त्याचं उत्तर कोणालाच द्यावं लागत नव्हतं. इथे चौकशी बसली, साक्षी झाल्या, अधिकाऱ्यांना लिंबाच्या रसाचा हिशेब मागितला गेला. सैन्यातली अधिकारपदं पैसे मोजून विकत घ्यायची पद्धत १८७१ मध्ये बंद झाली, तिच्यावरचा हल्ला या हिवाळ्यापासून जोर धरतो. व्हिक्टोरिया क्रॉसही १८५६ चा. साध्या शिपायाला आणि सेनापतीला एकच पदक, ही कल्पनाच इंग्लंडमध्ये नवी होती.

---

मावळतीचा

व्हिक्टोरिया क्रॉसचं निघालंय म्हणून. हिंदी शिपायांना तो मिळण्याची मुभा १९११ मध्ये झाली. नंतर दुसऱ्या महायुद्धात इटलीत मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दोघांना मिळाला, यशवंत घाडगे (१९४४, मरणोत्तर) आणि नामदेव जाधव (१९४५).

---

सीनतीर

मी पॅरिसजवळ राहतो. इथे या युद्धाची नावं रोज पायाखाली येतात: सेबास्तोपोल बुलव्हार, मालाकॉफ नावाचं उपनगर, सीनवरचा आल्मा पूल. त्या पुलाच्या खांबाला झुआव्ह (फ्रेंचांच्या अल्जीरियात उभारलेल्या पायदळातल्या) शिपायाचा पुतळा आहे. नदीला पूर आला की लोक पाणी झुआव्हच्या कुठपर्यंत आलं ते बघायला जातात. १९१० च्या महापुरात ते खांद्यापर्यंत आलं होतं. तो शिपाई कुठल्या लढाईतला हे मी इथल्या सहकाऱ्यांना विचारून पाहिलंय, फार थोड्यांना सांगता येतं.

कृष्णाकाठ यांच्या मुद्द्याला फ्रेंचांचा दाखला चांगला लागू पडतो. पहिल्या हिवाळ्यात फ्रेंचांची व्यवस्था इंग्रजांपेक्षा बरी होती. रस्ते, रुग्णवाहिका, रोट्या भाजायच्या भट्ट्या, सगळं होतं. इंग्रज शिपाई फ्रेंच छावणीकडे आशेने बघायचे. दुसऱ्या हिवाळ्यात, १८५५-५६ मध्ये, चित्र उलटलं. इंग्रज छावणी सुधारली होती आणि फ्रेंच छावणीत टायफसने हजारो माणसं गेली. लढाई तेव्हा थांबलेली होती! तिसऱ्या नेपोलियनच्या राज्यात वर्तमानपत्रांवर सरकारचा लगाम होता, त्यामुळे पॅरिसमध्ये ओरड झालीच नाही. मेलेल्यांत सगळ्यात जास्त वाटा ज्या मित्रराष्ट्राचा, तिथे कोणाचं सरकार पडलं नाही.

---

व्होल्गा_ते_मुठा

रशियाबद्दल मी लिहितो, पुण्यात रशियन शिकत असताना या काळावर बरंच वाचलं होतं.

हरलेल्या देशात या युद्धाने जे केलं त्याच्यापुढे लंडनमधलं सरकार पडणं किरकोळ आहे. निकोलस मार्च १८५५ मध्ये वारला, सेव्हस्तोपोल पडायच्या आधीच. त्याच्या मागून आलेल्या दुसऱ्या अलेक्झांडरपुढे प्रश्न होता: युरोपातलं सगळ्यात मोठं सैन्य आपल्याकडे, लढाई आपल्या भूमीवर, मग हरलो कसे? एक उत्तर रेल्वे. मॉस्कोच्या दक्षिणेला रूळच नव्हते. मॉस्कोहून निघालेला दारूगोळा बैलगाड्यांनी चिखलातून महिनोन्‌महिने रखडत यायचा, तर इंग्रजांचा माल समुद्रमार्गे लवकर पोचायचा. दुसरं उत्तर बंदुका. रशियन शिपायाची जुनी बंदूक जिथवर पोचायची त्याच्या कितीतरी पलीकडून शत्रूची गोळी यायची.

पण मुळाशी होती भूदासपद्धत (शेतकरी जमिनीला बांधलेला आणि जमीनदाराच्या मालकीचा), आणि सैन्याशी तिचा संबंध फारसा कोणी उलगडून सांगत नाही. भूदास सैन्यात भरती झाला की जमीनदाराच्या मालकीतून सुटायचा. म्हणून त्याला पाच-सहा वर्षं शिकवून गावी परत पाठवता येत नव्हतं. लाखो मुक्त, बंदूक चालवता येणारी माणसं गुलामांच्या गावात सोडायची कोणाची छाती होती? त्यामुळे नोकरी वीस-पंचवीस वर्षांची. भरतीच्या दिवशी घरचे लोक मयत झाल्यासारखे रडायचे. याचा परिणाम असा की शांततेतही अवाढव्य सैन्य पोसायचं आणि युद्धात बोलवायला राखीव फौज नाही. पुढे युद्धमंत्री झालेल्या दिमित्री मिल्युतिनने १८५६ मध्येच हे मांडलं: भूदासपद्धत असेपर्यंत सैन्य सुधारणार नाही.

खालूनही रेटा होता. युद्धात नागरी फौजेची हाक दिल्यावर अफवा पसरली, 'नाव नोंदवलं की मुक्ती मिळते.' शेतकऱ्यांचे लोंढे शहरांकडे निघाले, त्यांना शिपाई लावून परत पाठवावं लागलं. १८५६ च्या मार्चमध्ये झारने मॉस्कोच्या सरदारांना बजावलं की ही पद्धत खालून मोडली जाण्यापेक्षा वरून मोडलेली बरी. फेब्रुवारी १८६१ मध्ये जाहीरनामा निघाला. जमीनदारांच्या मालकीचे दोन कोटींहून जास्त माणसं कायद्याने मुक्त झाले. १८६४ मध्ये झेम्स्त्वो ही स्थानिक मंडळं आणि ज्यूरीची न्यायालयं, १८७४ मध्ये सगळ्या वर्गांना लागू असलेली सहा वर्षांची सैन्यसेवा. १८६७ मध्ये अलास्का ७२ लाख डॉलरला विकला. पुढच्या युद्धात इंग्रज तो सहज घेतील, ही भीती त्यामागे होती.

मुक्ती मात्र महागात पडली. जमिनीचे पैसे ४९ वर्षांच्या हप्त्यांनी फेडायचे आणि बऱ्याच ठिकाणी वाट्याला आलेली जमीन आधी कसायचे त्याहून कमी. १९०५ च्या उठावापर्यंत हा सल गेला नाही.

साहित्यात म्हणाल, तर लिओ टॉलस्टॉय तेव्हा सव्विशीतला तोफखान्याचा अधिकारी म्हणून सेव्हस्तोपोलच्या बुरुजावर होता. तिथून त्याने लिहून पाठवलेल्या मजकुराला सेन्सॉरने कात्री लावली. युद्ध लिहायची त्याची रीत तिथेच घडली.

---

दापोडीपूल

आमच्या खडकीचा एक धागा जोडतो. १८५५ च्या सुरुवातीला खडकीच्या छावणीतून १० वी हुसार्स ही गोरी घोडदळाची पलटण क्रिमियाला गेली. मुंबईहून जहाजाने सुवेझ, तिथून इजिप्त ओलांडून अलेक्झांड्रिया (कालवा अजून व्हायचा होता), आणि एप्रिलमध्ये क्रिमिया. हिंदुस्थानातून पायदळाच्या दोन पलटणीही काढून नेल्या, तेव्हा डलहौसीने कंपनीला कळवलं होतं की हिंदुस्थानात गोरी फौज आधीच थोडी आहे.

आणि अझीमुल्ला खान. दुसरा बाजीराव १८५१ मध्ये वारला आणि ८ लाखांचा तनखा बंद झाला. नानासाहेब पेशव्यांनी दाद मागायला अझीमुल्लाला लंडनला पाठवलं. तिथे काही हाती लागलं नाही. परतताना तो इस्तंबूलला आला, तिथून बालाक्लाव्याला गेला आणि इंग्रज फौजेची दैना डोळ्यांनी बघून आला. वर उल्लेख आलेल्या रसेलनेच हे लिहून ठेवलंय, कारण दोघांची गाठ पडली होती. पुढे १८५८ मध्ये तोच रसेल उठावाच्या बातम्या द्यायला हिंदुस्थानात आला.

काडतुसांची एनफिल्ड रायफलही आधी क्रिमियात वापरली गेली, मग इकडे आली.

---

उलटतपासणी

दापोडीपूल, माहिती पक्की आहे, पण यावरून '१८५७ क्रिमियामुळे झालं' असं कोणी म्हणू नये. झाशी, सातारा, अयोध्या, जमीनमहसूल, पलटणींतला असंतोष, ही कारणं इथलीच होती. अझीमुल्लाने एवढं पाहिलं की हे लोक अजिंक्य नाहीत. त्याला महत्त्व आहे, तेवढंच द्यावं.

---

सुईदोरा

नाइटिंगेलबद्दल एक राहिलं. १८५९ मध्ये हिंदुस्थानातल्या फौजेच्या आरोग्यावर रॉयल आयोग बसला, त्यामागे तीच होती. इथल्या गोऱ्या फौजेत वर्षाला हजारी ६९ मृत्यू होत होते. ती इथे कधी आली नाही, पण पुढची कित्येक वर्षं इथल्या गावांचं पाणी, दुष्काळ, शेतकऱ्याचं कर्ज यावर लिहीत राहिली. पुणे सार्वजनिक सभेशीही तिचा पत्रव्यवहार होता.

---

हिशेबनीस

मी बँकेत असल्यामुळे माझं लक्ष दुसरीकडे जातं. या युद्धात जिंकलेल्या बाजूचा एक देश पुढे कर्जात बुडाला.

ऑटोमन सरकारने परदेशातून पहिलं कर्ज काढलं ते १८५४ मध्ये, याच युद्धासाठी. १८५५ मध्ये दुसरं. इंग्लंड-फ्रान्सने हमी दिल्यामुळे पैसा स्वस्तात मिळाला आणि सवय लागली. नवं कर्ज काढून जुन्याचं व्याज भरायचं, असं वीस वर्षं चाललं. १८७५ मध्ये सरकारने हात वर केले. १८८१ मध्ये सार्वजनिक कर्ज प्रशासन स्थापन झालं, म्हणजे परकीय सावकारांच्या प्रतिनिधींचं मंडळ सुलतानाच्या राज्यात मीठ, तंबाखू, दारू, मुद्रांक, रेशीम यांचं उत्पन्न थेट गोळा करू लागलं. निकोलसला सुलतानाच्या प्रजेचं पालकत्व हवं होतं म्हणून ज्यांनी युद्ध केलं, त्यांच्याच सावकारांकडे सुलतानाची तिजोरी गेली.

इंग्लंड-फ्रान्सची एक अट सुधारणेचीही होती. तहाच्या आधी, फेब्रुवारी १८५६ मध्ये, सुलतानाने फर्मान काढून मुसलमान आणि बिगरमुसलमान प्रजेला नोकरी, शाळा, कर, न्यायालय यांत समान हक्क जाहीर केले. कागद उत्तम. पण तो परक्या वकिलातींच्या दबावाखाली आला असंच सगळ्यांना वाटलं, आणि जुनी सवलत गेलेले व नवे हक्क न मिळालेले, दोघेही नाराज राहिले.

नकाशा अगदीच बदलला नाही असं नाही. रशियाचं पालकत्व सुटलेल्या मोल्डाविया आणि वालाकियाने १८५९ मध्ये एकच राजा निवडला, त्यातून रोमानिया झाला. पंधरा हजार माणसं पाठवून सार्डिनिया या इटलीतल्या राज्याने पॅरिसच्या टेबलावर खुर्ची मिळवली आणि त्याचा पंतप्रधान काव्हूरने तिथे इटलीचा प्रश्न काढला.

---

समुद्रपक्षी

सगळे प्रतिसाद वाचले. लंडन, पॅरिस, पीटर्सबर्ग, इस्तंबूल, खडकी, सगळं आलं. ज्यांच्या जमिनीवर हे युद्ध झालं ते क्रिमियाचे तातार अजून आले नाहीत, म्हणून लिहिते.

१७८३ मध्ये रशियाने क्रिमिया खालसा केला तेव्हा तिथे बहुसंख्य तातारच होते. १८५४ मध्ये दोस्तांची फौज येवपातोरियाला उतरली, तेव्हा काही तातारांनी तिला गाड्या, गुरं, धान्य दिलं. काहींनी स्वखुशीने, काहींनी समोर बंदुका होत्या म्हणून. बाकीचे बहुतेक जण जीव मुठीत धरून घरी बसले होते. पण रशियन फौजेतल्या कोसॅक घोडेस्वारांनी गावं लुटली ती सगळ्यांचीच, आणि पुढे संशय आला तोही सगळ्या जमातीवर. पॅरिसच्या तहात शत्रूला मदत करणाऱ्या प्रजेला माफी देण्याचं कलम होतं. कागदावर.

युद्धानंतर तातारांनी निघून गेलं तर बरंच, हा झारच्या दरबाराचा कल लपून राहिला नाही. १८६० आणि ६१ मध्ये लोंढा लागला. आपल्याला आत रशियात कुठेतरी नेऊन टाकणार, अशी अफवा गावोगाव होती. सुमारे दोन लाख माणसं गेली असा इतिहासकारांचा अंदाज आहे, म्हणजे जमातीचा मोठा हिस्सा. गुरंढोरं मिळेल त्या भावाने विकून लोक बंदरांवर जहाजांची वाट बघत बसायचे. कित्येक जण वाटेत आणि पलीकडच्या छावण्यांत रोगाने मेले. सुलतानाने क्रिमिया सोडून येणाऱ्या तातारांसाठी १८५६ मध्येच दोब्रुजात, आजच्या रोमानियात, मेजिदिये नावाचं नवं शहर वसवलं होतं. तिथे आजही तातार वस्ती आहे.

मागे उरलेल्या गावांत विहिरी बुजल्या आणि शेतं पडीक राहिली. तेव्हा रशियन अधिकाऱ्यांच्या लक्षात आलं की त्या कोरड्या मुलखात पाणी कुठे लागतं आणि कसं राखायचं हे जाणणारी माणसंच गेली. मग बाहेरून वसाहतकरी आणले, त्यात बल्गेरियनही होते. त्यातल्या बऱ्याच जणांचा तिथे निभाव लागला नाही.

कृष्णाकाठ, तुमच्या मांडणीला मी हे जोडेन. इंग्रज शिपायाचे हाल कळले, कारण त्याच्या बाजूला रसेल होता आणि घरी पार्लमेंट होतं. तातार निघाले तेव्हा त्यांच्या भाषेत वर्तमानपत्रच नव्हतं. ते आलं १८८३ मध्ये, बाखचिसरायला, इस्माईल गास्पिरालीने काढलेलं 'तर्जुमान', अर्धा मजकूर तुर्की वळणाच्या भाषेत, अर्धा रशियनमध्ये. त्याने मुलींच्या शिक्षणावर लिहिलं, नव्या पद्धतीच्या शाळा काढल्या, आणि गाव सोडून जाऊ नका, असं आपल्या लोकांना पुन्हा पुन्हा सांगितलं.

---

कृष्णाकाठ

समुद्रपक्षी, मनापासून आभार. मूळ लेखात मी फक्त ज्यांच्याकडे छापखाना होता त्यांच्याबद्दल लिहिलं, तुमच्या प्रतिसादाने चित्र पुरं झालं. १९४४ च्या मे महिन्यात स्टालिनने उरलेल्या सगळ्या तातारांना मालगाड्यांत भरून मध्य आशियात पाठवलं, तेव्हाही आरोप तोच होता, शत्रूला फितूर असल्याचा. त्यावर तुम्हीच स्वतंत्र धागा काढाल का? 'तर्जुमान'मधले लेख भाषांतरित कुठे मिळतात तेही तिथे लिहा, मला वाचायचे आहेत.

---

समुद्रपक्षी

काढते. १८६० ते १९४४ एकत्रच घेईन, म्हणजे दोब्रुजातल्या वस्तीचंही लिहिता येईल. व्होल्गा_ते_मुठा, रशियन कागदपत्रं वाचायला तुमची मदत लागेल.